नवागताची नजर आणि प्रदेशाच्या रीती : मराठवाडा व विदर्भाच्या एकीकरणकाळातील लोकव्यवहाराचा ऐतिहासिक विचार (१९४८ ते १९६७)

प्रस्तावना

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे मराठीत पूर्वापार म्हटले जाते. भाषेबरोबरच तिथी, मापे, सणांची रूपे, अभिवादनाचे शब्द आणि ताटातील पदार्थही बदलतात. ज्या माणसाचा जन्म त्याच गावात झाला त्याला या गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. बदली होऊन आलेला कारकून, नव्याने रुजू झालेला शिक्षक किंवा लग्न होऊन आलेली सून यांना मात्र त्या पहिल्याच आठवड्यात जाणवतात. "इकडची तऱ्हाच निराळी" हे नवागताचे नेहमीचे उद्गार होत.

महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात अशा नवागतांची संख्या एका विशिष्ट काळात एकदम वाढली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा व विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. या बारा वर्षांत महसूल, पोलीस, न्याय व शिक्षण या खात्यांतील असंख्य माणसे एका विभागातून दुसऱ्या विभागात गेली. भाषा एकच असल्याने सर्व काही ओळखीचे असेल, या समजुतीने ती गेली होती. प्रत्यक्षात पदोपदी अनोळखी गोष्टी समोर आल्या.

या 'तऱ्हां'चा ऐतिहासिक अन्वय लावणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. नवागताला जी स्थानिक लहर वाटते, ती बहुतेक वेळा त्या प्रदेशाने अनुभवलेल्या राजवटीची, जमीनधारणेची व हवामानाची नोंद असते, असे येथे प्रतिपादन केले आहे. त्याचबरोबर कोणाच्या रीतीला 'रीत' म्हणायचे आणि कोणाच्या रीतीला 'नियम' मानायचे, हा प्रश्न सत्तेशी निगडित असतो, याकडेही लक्ष वेधले आहे.

१. तीन राजवटींचा वारसा

१९६० मध्ये एकत्र आलेल्या मराठी मुलखाला निदान तीन प्रशासकीय परंपरा होत्या. पश्चिम महाराष्ट्र, कोकण व खानदेश हे पेशवाईच्या अस्तानंतर मुंबई इलाख्यात होते. तेथे रयतवारी पद्धत रुजली. मराठवाड्याचे औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे पाच जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे दिवाणी व सरफेखास मुलखाबरोबर जहागिरीही होत्या. राज्यकारभाराची भाषा आधी फारसी व १८८० च्या दशकापासून उर्दू होती. जहागिरी १९४९ मध्ये रद्द झाल्या.

विदर्भ हाही एकजिनसी प्रदेश नव्हता. वर्धा नदीच्या पूर्वेकडील नागपूर प्रांत भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे १८५३ मध्ये निधन झाले आणि त्यानंतर हे राज्य इंग्रजांनी खालसा केले. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. तेथे मालगुजारी पद्धत होती. नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड १८५३ च्या तहान्वये इंग्रजांकडे कारभारासाठी सोपवले गेले, परंतु नाममात्र स्वामित्व निजामाकडेच राहिले. १९०२ मध्ये वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेऊन १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडण्यात आले. वऱ्हाडात मात्र जमीनमहसूल रयतवारीच्या धर्तीवर होता. म्हणजे एकाच विदर्भात नदी ओलांडली की गावाची सत्तारचना बदलत असे. मुंबई इलाख्यातून आलेल्या अधिकाऱ्याला हे सर्व 'विदर्भ' या एका नावाखाली दिसत होते. वऱ्हाडी माणूस व झाडीपट्टीतील माणूस यांना आपण एकमेकांहून वेगळे आहोत, हे चांगले ठाऊक होते.

नवागतांच्या नजरेने या प्रदेशांचे वर्णन होण्याची परंपराही जुनी आहे. आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर व चार्ल्स ग्रँट यांचे मध्य प्रांताचे गॅझेटियर ही दोन्ही १८७० ची होत. रसेल व हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथ १९१६ चा आहे. हे लेखन बव्हंशी बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीतून झाले. त्यातून अमूल्य माहिती मिळते. मात्र स्थानिक माणूस त्यात वर्णनाचा विषय असतो, वर्णन करणारा क्वचितच असतो. स्वातंत्र्योत्तर काळात मराठी बोलणाऱ्या नवागतांच्या दृष्टीतही हा दोष काही प्रमाणात उतरला.

२. दिनदर्शिका, नाणे व सुटी

हैदराबाद संस्थानच्या मराठी जिल्ह्यांत १९४८ नंतर रुजू झालेल्या अधिकाऱ्याची पहिली अडचण तारखेची होती. संस्थानच्या दप्तरात फसली सन चालत असे. फसली सनात साधारणतः ५९० मिळवले की इसवी सन येतो. आजूर, दै, बहमन अशी महिन्यांची नावे फारसी वळणाची होती व वर्षाचा प्रारंभ ऑक्टोबरच्या सुमारास होई. मराठवाड्यातील जमीनमहसुलाच्या कायद्याचे नावच 'हैदराबाद जमीन महसूल अधिनियम, १३१७ फसली' असे होते. जुना फेरफार किंवा खरेदीखत वाचताना ही सनावळी आजही समजून घ्यावी लागते.

दुसरी अडचण नाण्याची. संस्थानात हाली सिक्का हे स्वतंत्र चलन होते आणि सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये असा दर होता. व्यापारी हा हिशेब तोंडी करीत. नव्याने आलेल्या नोकरदाराला मात्र पगार, घरभाडे व बाजार यांचा मेळ घालताना दोन नाण्यांचा विचार करावा लागे. १९५० च्या दशकात हे चलन व्यवहारातून गेले. १ एप्रिल १९५७ पासून देशभर दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने-मापे आली. तरीही पायली, कुडो, खंडी हे शब्द गावोगावी टिकले. एका भागातील पायली दुसऱ्या भागातील पायलीएवढी असेलच असे नव्हते. त्यामुळे 'पायलीभर' हा शब्द कळला तरी धान्य किती, हे विचारूनच घ्यावे लागे.

तिसरी गोष्ट सुटीची. निजामी राजवटीत साप्ताहिक सुटी शुक्रवारी असे. विलीनीकरणानंतर ती रविवारी गेली. बाजाराचे दिवस, शाळेची वेळ आणि गावाचा आठवडा ज्यांनी शुक्रवारभोवती बांधला होता, त्यांच्या दृष्टीने हा केवळ वेळापत्रकातील फरक नव्हता.

पदनामांचा घोटाळा याहून बोलका होता. हैदराबाद संस्थानात जिल्ह्याच्या प्रमुखाला 'अव्वल तालुकदार' म्हणत. मुंबई इलाख्यातून आलेल्या माणसाला 'तालुकदार' हा तालुक्याचा अधिकारी वाटणे स्वाभाविक होते. उलट मुंबई इलाख्यातील 'मामलेदार' हा शब्द मराठवाडा-विदर्भाला परका होता, कारण तेथे 'तहसीलदार' रूढ होता. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश प्रसिद्ध झाला व १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम संमत झाला. शेवटी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आली. तिने सर्व राज्यासाठी 'तहसीलदार' हेच पद ठरवले. एकीकरणात प्रत्येक वेळी पश्चिमेकडीलच शब्द स्वीकारला गेला असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते. तरीही पश्चिम महाराष्ट्रात 'मामलेदार कचेरी' व 'प्रांत' हे शब्द लोकांच्या तोंडी राहिलेच.

३. 'मुल्की' आणि 'गैरमुल्की'

स्थानिक व नवागत हा भेद हैदराबाद संस्थानात केवळ बोलण्यातला नव्हता, तो कायद्याचाही होता. १९१९ च्या नियमांनुसार संस्थानच्या नोकरीसाठी 'मुल्की' असणे आवश्यक होते. बाहेरून आलेल्यास हा दर्जा मिळवण्यासाठी साधारणतः पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागे. विलीनीकरणानंतर शेजारच्या प्रांतांतून अधिकारी व कर्मचारी मोठ्या संख्येने आले. त्याविरुद्ध १९५२ मध्ये वरंगळ व हैदराबाद येथे मुल्की आंदोलन झाले आणि हैदराबादेत गोळीबारही झाला.

या आंदोलनाचा जोर तेलंगणात होता, मराठवाड्यात तसा उद्रेक झाला नाही. तथापि त्यामागील प्रश्न मराठवाड्यालाही लागू होता. संस्थानात माध्यमिक व उच्च शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील अध्यापनही उर्दूतून होई. त्या व्यवस्थेत शिकलेला मराठवाड्यातील तरुण उर्दूत अर्ज लिहीत असे आणि घरी मराठी बोलत असे. कारभाराची भाषा बदलताच त्याची अर्धी विद्या निरुपयोगी ठरली. पुणे-मुंबईकडून आलेला त्याचाच समवयस्क इंग्रजी व प्रमाण मराठी या दोन्हींत वाकबगार होता. नवागताला स्थानिक कारकुनाचे मराठी कच्चे वाटले. ते कच्चे का आहे, याचे उत्तर त्या कारकुनाच्या बुद्धीत नसून त्याच्या शाळेच्या इतिहासात होते.

ही उणीव भरून काढण्यात नवागतांनीच मोठा वाटा उचलला, हेही नमूद केले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. ऑगस्ट १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. या संस्थांत बाहेरून आलेले अनेक अध्यापक होते. त्यांतील ज्यांनी येथील भाषा व माणसे समजून घेतली, ते पुढे येथलेच झाले.

४. जमिनीची भाषा

शेतीशी संबंध येताच नवागताला शब्दांचे तिसरेच जग भेटत असे. पश्चिम महाराष्ट्रात 'सातबारा' हा शब्द गावनमुना सात व बारा यांवरून रूढ झाला. मराठवाड्यात 'पहाणीपत्रक' व 'खासरापत्रक', तर विदर्भात 'खसरा' व 'पेरेपत्रक' हे शब्द चालत. नागपूर-अमरावतीकडे शहरातील सरकारी जमिनीला 'नझूल' म्हणतात. पुण्याहून नागपूरला घर घेण्यास गेलेल्याला हा शब्द आजही नवा वाटतो.

कायद्यातील भेद तर अजून टिकून आहे. पश्चिम महाराष्ट्रासाठी १९४८ चा, मराठवाड्यासाठी १९५० चा व विदर्भासाठी १९५८ चा असे तीन वेगवेगळे कूळकायदे एकाच राज्यात आहेत. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या महसूल अधिकाऱ्याला कुळाचा हक्क कोणत्या कलमाखाली येतो हे नव्याने शिकावे लागते. राज्याचा नकाशा एक झाला तरी त्याखालील जमिनीचा इतिहास एक झाला नाही, याचा हा सर्वांत ठळक पुरावा होय.

पूर्व विदर्भातील 'मामा तलाव' हे याच प्रकारचे उदाहरण आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली भागात फिरणाऱ्या नवागताला हे नाव ऐकून कोण्या मामाची गोष्ट असावी असे वाटते. प्रत्यक्षात 'मा.मा.' म्हणजे 'माजी मालगुजारी'. या भागातील तळी बांधण्यात व राखण्यात कोहळी समाजाचे कौशल्य प्रसिद्ध आहे. मालगुजारीच्या काळात तलावाची देखभाल, पाण्याची वाटणी व मासेमारी यांचे संकेत गावपातळीवर ठरत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. मालगुजाराची पिळवणूक संपली हे योग्यच झाले. पण त्याबरोबर पाणी कोणी व कधी सोडायचे याची जुनी व्यवस्थाही सैल झाली. म्हणजे एका विनोदी वाटणाऱ्या नावामागे जमीनदारी निर्मूलनाचा व सिंचनाचा सबंध इतिहास उभा आहे.

घरांच्या रचनेतही हेच दिसते. कोकणातून मराठवाड्यात आलेल्याला मातीच्या सपाट छताची माळवदाची घरे पाहून नवल वाटे. कोकणच्या पावसात असे छत टिकणार नाही. कमी पावसाच्या व कडक उन्हाच्या मुलखात मात्र जाड भिंती व मातीचे माळवद घराला थंडावा देतात, शिवाय धान्य वाळवण्यास व रात्री निजण्यास जागा मिळते. विदर्भातील वाळ्याचे ताटे, उन्हाळ्यात सकाळी लवकर आटोपणारी कामे आणि दुपारी ओस पडणारे रस्ते हेही उन्हाचेच शिकवलेले शहाणपण होय. राज्याच्या इतर भागांत शाळा जूनच्या मध्यास सुरू होतात, तर विदर्भात त्या जूनच्या अखेरीस उघडतात. येथे मात्र शासनाने प्रादेशिक हवामान मान्य करून नियमातच वेगळेपण ठेवले आहे.

५. सण : नाव एक, रूप निराळे

सणांच्या बाबतीत नवागताची फसगत अधिक होते, कारण नाव ओळखीचे असते. भाद्रपदातील गौरी हे त्याचे चांगले उदाहरण. कोकणात कोठे तेरड्याच्या रोपांची, कोठे पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांची गौर मांडतात. मराठवाडा-विदर्भात त्याच दिवशी ज्येष्ठा व कनिष्ठा अशा दोन उभ्या, मुखवटे चढवलेल्या, साडी नेसवलेल्या मूर्ती बसतात व त्यांना 'महालक्ष्म्या' म्हणतात. कोकणातील घरी गणपती हा वर्षाचा मुख्य सण असतो, तर मराठवाड्यातील अनेक घरांत महालक्ष्म्यांच्या जेवणासाठी दूरदेशीचे नातलग गावी येतात. नवी सून सासरी आली की तिची पहिली कसोटी याच सणाला लागे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

बैलांचा सणही असाच. कोल्हापूर-सांगलीकडे ज्येष्ठ-आषाढात 'बेंदूर' होतो, तर विदर्भात व मराठवाड्यात श्रावण अमावास्येला 'पोळा' भरतो. काही ठिकाणी तो भाद्रपद अमावास्येला असतो. विदर्भातील पोळ्यात तोरणाखालून आधी कोणाची जोडी जाणार, हा मानाचा प्रश्न असे. गावातील सत्तेची उतरंड त्या तोरणाखाली उघड दिसत असे. नागपूर भागात दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन मुलांचा 'तान्हा पोळा' होतो. त्याचे श्रेय परंपरा भोसल्यांना देते. त्याच दिवशी नागपुरात काळी व पिवळी मारबत निघते. रोगराई व अरिष्टे गावाबाहेर न्यावीत अशी तिला विनवणी केली जाते. तिच्याबरोबर निघणाऱ्या 'बडग्यां'मधून चालू राजकारणावर व सामाजिक दोषांवर टीकाही होते. या मिरवणुकांचा प्रारंभ १८८० च्या दशकातील सांगितला जातो. नव्याने आलेला मनुष्य मारबत पाहून बुचकळ्यात पडतो. नागपूरकराला मात्र ती वर्षाचा हिशेब चुकता करण्याची जागा वाटते.

लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील 'वेळ अमावास्या' अथवा 'येळवस' ही तर बाहेरच्या माणसाला पूर्णतः नवी असते. मार्गशीर्ष अमावास्येला शेतात कडब्याची कोप उभारतात, पाच पांडव म्हणून चुना लावलेले दगड मांडतात, पूजा करतात आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असे जेवण होते. त्या दिवशी गावे व बाजारपेठा ओस पडतात आणि रब्बीच्या उभ्या पिकात माणसांचे थवे दिसतात. ज्याचे शेत नाही त्याला दुसऱ्याने आग्रहाने आपल्या शेतात न्यावे, असा संकेत आहे. कचेरी रिकामी पाहून नवागत अधिकारी चकित होतो, परंतु दुपारपर्यंत त्यालाही कोणी ना कोणी शेतात घेऊन गेलेले असते. या सणाचे नाते उत्तर कर्नाटकातील 'एळ्ळ अमावास्ये'शी आहे. बिदर, गुलबर्गा (आताचे कलबुर्गी), लातूर, उस्मानाबाद हा सलग पट्टा एकाच संस्थानात होता. १९५६ ची सीमा भाषेनुसार आखली गेली, सणाने मात्र ती मानली नाही. लातूर जिल्ह्यात या दिवशी स्थानिक सुटी दिली जाते. रीत प्रशासनापेक्षा बलवत्तर ठरल्याचे हे लक्षण होय.

६. बोली, अभिवादन व स्वयंपाकघर

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडी व नागपुरी यांची नोंद आहे. या बोलींत 'मला, तुला' ऐवजी 'मले, तुले' येते आणि 'जात आहे' याऐवजी 'जाऊन राहिला' असे म्हणतात. नांदेड-लातूरकडे 'काय करूलालास' असा प्रश्न कानी पडतो. 'करू लागला आहेस' या रचनेचे ते बोलीतील रूप होय. मराठवाड्यातील बाजारात 'मोंढा', 'हर्रास', 'बयाणा' हे शब्द व घरात रुमालासाठी 'दस्ती' हा शब्द आढळतो. ते दखनी-उर्दूच्या दीर्घ सहवासाचे फळ आहे. चंद्रपूर, यवतमाळ व नांदेडकडील 'वार'कारान्त आडनावे तेलुगू संपर्काची साक्ष देतात.

स्वयंपाकघरातही शब्द फसवतात. विदर्भात 'सांबार' म्हणजे कोथिंबीर. भाजीवाल्याने सांबार पुढे करताच पुण्याची गृहिणी गोंधळते. बटाट्याला 'आलू' म्हणणे हे उत्तरेच्या शेजाराचे चिन्ह आहे. वऱ्हाडात ज्वारीची भाकरी, तर भंडारा-गोंदियाकडे भात, हा फरक पाऊस व माती यांनी ठरवला आहे. नागपूरच्या कोष्टी समाजातील सावजी रसोई, मराठवाड्यातील धपाटे व मुरमुऱ्यांची सुशीला यांनाही असाच आपापला भूगोल आहे.

अभिवादनावरून तर वस्तीचा इतिहास वाचता येतो. 'रामराम' सर्वत्र आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर 'जय भीम' या अभिवादनाला विदर्भात नवे बळ मिळाले. गोंड समाजात 'जय सेवा', महानुभाव पंथात 'दंडवत प्रणाम' म्हणतात. कोणाला काय म्हणावे हे नवागताने शिकणे म्हणजे त्या माणसाने स्वतःसाठी निवडलेली ओळख मान्य करणे होय. जो हे शिकत नाही तो तेथे वर्षानुवर्षे राहूनही पाहुणाच राहतो.

नात्यागोत्याच्या रीतींबाबत इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण भारताच्या नातेव्यवस्थांमधील संक्रमणाचा प्रदेश असल्याचे दाखवले आहे. मामाच्या मुलीशी विवाह एका भागात पसंतीचा तर दुसऱ्या भागात निषिद्ध का, याचा उलगडा यातून होतो. यात कोणतीही बाजू 'खरी मराठी' व दुसरी 'बिघडलेली' नाही.

७. उलट दिशेची नजर

आतापर्यंत पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलेल्यांचा विचार केला. प्रवास उलट दिशेनेही झाला. १९५६ पूर्वी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेनंतर तेथील सचिवालयाची विभागणी होऊन काही कर्मचारी भोपाळला, काही मुंबईला गेले. उच्च न्यायालयाचे रूपांतर खंडपीठात झाले. मुंबईत आलेल्या नागपूरकराला तेथील चिंचोळी खोली, लोकलच्या वेळेवर चालणारे जीवन व पागडीचा व्यवहार या 'तऱ्हा' वाटल्या. पुण्यात आलेल्या वऱ्हाडी माणसाला दुपारी बंद असणारी दुकाने, तुटक बोलणे आणि "चहा घेणार का?" हा प्रश्न खटकला, कारण त्याच्या घरी चहा विचारून देण्याची पद्धत नव्हती.

या निरीक्षणांत एक असमानता मात्र होती. मुंबईच्या अधिकाऱ्याचे मत अहवालात, पाठ्यपुस्तकात व शिष्ट भाषेच्या नियमात उतरत असे. नागपूरच्या कारकुनाचे मत घरच्या पत्रापुरते राही. 'मले' म्हणणाऱ्या मुलाला वर्गात दुरुस्त केले गेले, पण पुण्याच्या मुलाच्या बोलीला दुरुस्तीची गरज आहे असे कोणास वाटले नाही. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे बालभारतीची स्थापना झाली व सर्व राज्यातील मुलांच्या हाती समान पुस्तके येऊ लागली. समान शिक्षणाच्या दृष्टीने हे आवश्यक पाऊल होते. परंतु घरातील शब्द पुस्तकात न सापडल्याने अनेक मुलांच्या मनात आपल्या बोलीविषयी संकोच निर्माण झाला, हेही नाकारता येत नाही.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ व मराठवाड्याला निधी, शिक्षण व नोकऱ्यांत न्याय्य वाटा देण्याचे आश्वासन दिले होते. नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन भरवण्याची प्रथा त्यातूनच आली. पुढे १९८३ मध्ये दांडेकर समिती नेमली गेली व 'अनुशेष' हा शब्द सार्वजनिक चर्चेत रुजला. अनुशेषाची मोजदाद रस्ते, सिंचन, वीज यांत झाली. प्रतिष्ठेचा अनुशेष मात्र कोणत्याही तक्त्यात आला नाही. प्रादेशिक असंतोषाच्या मुळाशी निधीइतकीच ही भावनाही होती, असे म्हणण्यास जागा आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, नवागताला जाणवणाऱ्या प्रादेशिक लकबी या बहुधा राजवट, जमीनधारणा, हवामान व शेजारच्या भाषा यांच्या संयोगातून घडलेल्या असतात. फसली सन, मामा तलाव, येळवस व 'सांबार' ही त्याची भिन्न क्षेत्रांतील उदाहरणे होत. दुसरी, राज्याचे एकीकरण कायद्याने व पदनामांनी झपाट्याने झाले, परंतु लोकव्यवहाराने आपली जुनी सीमा सोडली नाही. काही ठिकाणी कायद्यानेही ती सोडली नाही. तिसरी, नवागताची नजर ही इतिहासाचे उपयुक्त साधन आहे, कारण स्थानिकाला जे दिसत नाही ते तिला दिसते. मात्र त्या नजरेमागील अधिकार लक्षात न घेतल्यास वर्णनाचे रूपांतर तुच्छतेत होते.

आजही मराठवाडा व विदर्भातील हजारो विद्यार्थी स्पर्धा परीक्षांसाठी पुण्यात येऊन राहतात आणि पश्चिमेकडील शिक्षक व अधिकारी नांदेड, गडचिरोली, बुलढाणा येथे रुजू होतात. पहिल्या आठवड्यात दोघेही एकमेकांच्या तऱ्हा मोजतात. ती मोजणी चालू असतानाच, ही रीत येथे कशी आली असेल, असा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला, तर एकीकरणाचे जे काम शासननिर्णयांनी पूर्ण झाले नाही ते परस्परांच्या समजुतीने पुढे जाईल. स्थानिक रीतींची पद्धतशीर नोंद, बोलींना शालेय अभ्यासात स्थान आणि जुन्या दप्तरातील उर्दू-फारसी व मोडी कागदांचे वाचन या दिशेने महाविद्यालयीन पातळीवरील संशोधनास मोठा वाव आहे.